घटाच्या दिवसांतली गोळी

घट बसण्याच्या आदल्या दिवशी उमाबाईंनी रेणापूरच्या घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या होत्या. बोटं सुजलेली, तरी कुणाला हात लावू देईनात. लातूरच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणारी, सुट्टीला आलेली लेक गीतांजली म्हणाली, "आई, ही जाड गोधडी तरी मी पिळते."

"राहू दे. तू पोरांना डॉक्टर करायलीस, तेच कर. तू पिळलेली गोधडी दिवाळीपर्यंत वाळायची न्हाई."

उमाबाईंची धाकटी बहीण, पंचफुलामावशी, खळखळून हसली. दोघींनाही संधिवात होता आणि दोघी वर्षानुवर्षं एकाच डॉक्टरांची स्टिरॉइडची गोळी घेत होत्या. त्या दुपारी दोघींनी जेवून गोळी घेतली आणि अंगणात पाय पसरून गप्पा मारत बसल्या. संध्याकाळच्या बसनं गीतांजली लातूरला परतली.

सहाव्या माळेला उमाबाईंना उलट्या सुरू झाल्या. उपवासाचं पित्त असेल म्हणून घरच्यांनी लिंबूपाणी दिलं. लातूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा नाडी जेमतेम लागत होती. डॉक्टरांनी गीतांजलीला बाजूला घेऊन विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?" तिनं मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, घट बसल्यापासून. देवीच्या निरंकार उपवासात गोळी पोटात कशी घालायची, असं अक्का म्हणाली होती. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, पण उशीर झाला होता.

"देवीच्या दिवसांत गेली, सोनं झालं," गीतांजलीचा थोरला भाऊ व्यंकट येईल त्याला सांगत राहिला. तेवढ्याच आधारावर तो उभा होता. गीतांजलीनंही मान हलवली. हार्मोन्सचा धडा ती वर्गात दरवर्षी शिकवायची. त्या वर्षी तिनं तो दुसऱ्या शिक्षकाकडे दिला.

पुढच्या वर्षी घरात घट बसले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी, सर्वपित्रीची जेवणं उरकल्यावर मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "अक्काचा उपवास अर्धा राहिलाय. उद्यापासून मी तो पुरा करणार. तिच्यासारखाच निरंकार. गोळी बी न्हाई."

व्यंकटचे डोळे भरले. "आईला बरं वाटंल, मावशी."

गीतांजलीनं हातातलं ताट खाली ठेवलं. "मावशी, देवीला हात जोड, पण निरंकार करू नकोस. आन् गोळी तर बंद करायचीच न्हाई."

"का गं? अक्कानं केलीच की."

"ऐक. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. आजारपणात, उपासमारीत अंगाला सावरणारा रस ती रक्तात सोडते. पण आपल्या मनानं न्हाई. मेंदूकडून रक्तातून निरोप येतो, मग सोडते. तुझ्या गोळीत तसाच रस आहे. तो रोज आयता मिळाला की मेंदू निरोप धाडायचंच बंद करतो."

"म्हंजे मेंदू बी आमच्या व्यंकटासारखा कामचुकार!"

"कामचुकार न्हाई, हिशेबी. गल्लीत रोज टँकर यायला लागला तर बोअरची मोटर कोण चालू करतंय? मोटर गंजून जाते. मग एक दिवस टँकर अचानक बंद केला तर?"

"बटन दाबायचं की."

"दाबून पाणी येत न्हाई, मावशी. गंजलेली मोटर सुरू व्हायला महिने लागतात. तोवर अंगात काहीच नसतं. म्हणून डॉक्टर ही गोळी हळूहळू कमी करतात, एकदम तोडत न्हाईत."

मावशीचं हसू मावळलं. "मंग अक्काला काय झालं म्हणतीस?"

"गीता, बस कर," व्यंकट म्हणाला. "आज आईच्या नावानं पान वाढलंय."

तिनं भावाकडे पाहिलं. तिला त्याची कणव आली. पण त्याच्याशेजारी मावशी बसली होती, जिवंत, आणि उद्या सकाळी घट बसणार होते.

"दादा, आईला देवीनं नेलं न्हाई," ती म्हणाली. "गोळी तोडली म्हणून आई गेली. मला दवाखान्यातच कळलं होतं, आन् मी तुमच्या सगळ्यांच्या हो ला हो म्हटलं. आता म्हणणार न्हाई. मावशी, उद्या सकाळी तुझी गोळी मी माझ्या हातानं देणार, आन् तू ती घेणार."