सान्ता आना रडली तेव्हा

"आला! आला! डाव्या डोळ्याला आला!"

लास पालोमासच्या चर्चमध्ये बाराच्या ठोक्याला एकच गलका झाला. बाया गुडघ्यांवर कोसळल्या, पुरुषांनी टोप्या छातीशी धरल्या. दुःखी मातेच्या मूर्तीच्या लाकडी गालावरून एक चकचकीत थेंब सावकाश ओघळत होता. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या मेणबत्त्या, मधे तो रडवेला चेहरा, आणि शेजारी कापसाची परडी घेतलेली एर्मिला.

"डोळ्याला लावा, दिसायला लागेल! गुडघ्याला लावा, पळायला लागाल!" एर्मिलाचा आवाज खणखणत होता. "आणि गुण आला नाही, तर समजा, तुमची श्रद्धाच पातळ!"

म्हणजे बरं वाटलं तर कापसामुळे, नाही वाटलं तर तुमच्या पापामुळे. खांबाला टेकून उभी असलेली ओतिलिया मनातल्या मनात चडफडली.

चाळीस वर्षांपूर्वी त्या दोघी एकाच म्हातारीपाशी मेणाची फुलं करायला शिकल्या होत्या. ओतिलियाच्या पाकळ्या पातळ, आरपार उजेड दिसावा अशा. एर्मिलाच्या जाड, कानाच्या पाळीसारख्या. पुढे लास पालोमास आणि तिचं स्वतःचं तेपेहुआल, दोन्ही गावांच्या सणांच्या कमानी ओतिलियाच सजवायची. ती बसमधून उतरली की तिच्या टोपल्या उचलायला माणसं धावायची. काय दिवस होते ते! आजही तिची फुलं कमानीवर होती, पण मान वर करून बघतंय कोण? सगळे डोळे एर्मिलाच्या परडीवर. आणि रांगेत सगळ्यांत पुढे ओतिलियाची सख्खी धाकटी बहीण, चोना.

परतीच्या बसमध्ये चोनाने तो कापूस दोन्ही डोळ्यांवरून फिरवला.

"ताई, साखरेचं इंजेक्शन आजपासून बंद. एर्मिलाताई म्हणाल्या, सुई घेणाऱ्यावर माता रुसते."

"वेड लागलंय का तुला? सुई चुकली तर डोळेच काय, जीवही जाईल असं डॉक्टर म्हणाले ना?"

"तू जळतेस त्यांच्यावर. पहिल्यापासून जळतेस."

ओतिलियाने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेपेहुआलात डिसेंबरची थंडी दाटली होती. खिडकीतल्या बशीत चोनाचा कापूस होता आणि त्यावरचा अश्रू गोठून पांढरा झाला होता. ओतिलियाने तो चिमटीत चोळला. बोटांच्या उबेने तो विरघळला. तिने वास घेतला. डुकराची चरबी आणि त्यात थोडं तेल. मेण मऊ करायला म्हातारीने दोघींनाही हेच शिकवलं होतं!

"अगं, ही चरबी आहे. बघ तरी."

"एर्मिलाताईंनी आधीच सांगितलंय," चोना म्हणाली, "संशयी माणसाच्या घरात अश्रू गोठतो म्हणून."

आठवडाभरात चोना सुकत गेली. घटाघटा पाणी प्यायची, तरी ओठ कोरडे. भिंतीला धरून चालायची, पण सुई घेईना.

आठव्या दिवशी तेपेहुआलची छोटी सान्ता आना लास पालोमासला निघाली. सान्ता आना म्हणजे मातेची आई. सणाच्या आठव्याला ती बसने लेकीला भेटायला जाते, ही वाडवडिलांपासूनची रीत. ड्रायव्हरच्या मागची सीट तिचीच.

"काय आजी, लेकीकडे?" नाबोर ड्रायव्हरने टोपी काढून मूर्तीला विचारलं आणि तिचं तिकीट फाडलं.

यंदा ओतिलियाने मूर्ती सीटवर ठेवली नाही. शालीत गुंडाळून मांडीवर घेतली. बाजूला चोना मान टाकून बसली होती.

चर्चमध्ये आईला लेकीशेजारी ठेवलं. बारा वाजायला आले तशा मेणबत्त्या पेटल्या. मातेच्या गालावर थेंब आला, गलका झाला, आणि तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं, "अरे, आजीपण रडतेय! सान्ता आना रडतेय!"

एर्मिलाच्या हातातली परडी पडली. तिचा चेहरा कापसाइतकाच पांढरा झाला.

गर्दी वळली. बाया ओतिलियाच्या शालीचं, हातांचं चुंबन घेऊ लागल्या. "लेकीचं दुःख आईला बघवेना हो! धन्य ग बाई तुझी!" हे इतकं गोड लागेल असं ओतिलियाला वाटलं नव्हतं. काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प राहायचं. उद्यापासून बस भरभरून तेपेहुआलला येईल. एर्मिला खांबाशी उभी राहील.

गर्दीतून चाचपडत चोना पुढे आली. तिच्या हातात कापूस होता.

"ताई, तुझ्या हाताने लाव ना."

ओतिलियाने तिचे फुटलेले ओठ पाहिले. मग खिशातून एक पत्र्याची डबी काढली.

"उठा सगळे. कुणी रडलं नाही. सकाळी बसमध्ये शालीखाली मीच मूर्तीच्या पापणीमागे हे भरलं. चरबी आणि तेल. थंडीत घट्ट राहतं, मेणबत्त्यांची धग लागली की वितळतं. माता बारालाच का रडते? मेणबत्त्या त्याच वेळी लावतात म्हणून."

"खोटं!" एर्मिला ओरडली. "जळते ती माझ्यावर!"

"जळते की! चाळीस वर्षं जळतेय. आत्ता पाच मिनिटं तुझ्या जागी उभी राहिले, तर हलवेना मला तिथून. पण माझ्या मत्सराने चरबी वितळत नाही, एर्मिला, त्याला धग लागते." ती लोकांकडे वळली. "माझंही ऐकू नका. मेणबत्त्या विझवा आणि बघत बसा."

कुणी हलेना. मग नाबोर पुढे झाला आणि त्याने पहिली मेणबत्ती विझवली. मागोमाग सगळ्या विझल्या. चर्चमध्ये गारवा उतरला. लोक बघत राहिले. आईच्या आणि लेकीच्या, दोघींच्याही गालांवर थेंब अर्ध्यात थांबले आणि हळूहळू पांढरे पडले.

"प्रश्न विचारला म्हणून देव रुसत नाही," ओतिलिया म्हणाली. "रुसतो तो परडीवाला. जो औषध बंद करायला सांगतो, त्याला आधी विचारा, का म्हणून?"

चोनाने त्या पांढऱ्या थेंबावर बोट ठेवलं. तो तिच्या बोटाखाली विरघळला. तिने ते बोट नाकाशी नेऊन वास घेतला.

"नाबोर," ती म्हणाली, "बस दवाखान्यावरून जाईल का रे?"

"आत्ता नेतो."

जाताना सान्ता आनाच्या सीटवर चोनाला आडवं केलं. मूर्ती परत ओतिलियाच्या मांडीवर आली. बस वळली तेव्हा तिला चर्चच्या पायरीवर एकटीच बसलेली एर्मिला दिसली. युक्ती आधी तिलाच सुचली, ही जळजळ ओतिलियाच्या मनात अजूनही होती. शालीचं टोक ओलं करून तिने म्हाताऱ्या सान्ता आनाचा गाल पुसला आणि नाबोरला म्हणाली, "जरा हाण रे बस."