सोमवारची गाडी

शहरात पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत बसून अपेक्षानं गाड्या चालवणाऱ्या एका संस्थेसाठी सोयगावकडच्या खेड्यांची ये-जा मांडली होती. कोण कुठून कुठं जातं हे मोबाइलच्या नोंदींवरून शिकणारं संगणकाचं मॉडेल होतं ते. शहरातल्या नोंदी ढीगभर, खेड्यांतल्या मूठभर. म्हणून शहरावर शिकवलेलं मॉडेल तिनं खेड्यांवर बसवलं. मॉडेल म्हणालं, दुपारच्या गाडीला माणसंच नाहीत. संस्थेनं ती फेरी बंद केली.

त्याच गाडीनं तिची सरूआत्या दर सोमवारी पलीकडच्या गावी थोरल्या बहिणीकडं, भागूबाईकडं जायची. हे अपेक्षाला ठाऊक नव्हतं थोडंच? पण एका आत्यासाठी आकडे कुठं बदलायचे, म्हणून ती गप्प बसली.

दिवाळीनंतर एका सोमवारी ती आत्याकडं गेली तेव्हा आत्या नुकतीच बाहेरून आली होती आणि तिचा फोन देव्हाऱ्याशेजारी फळीवर होता.

"आत्या, बाहेर जाताना फोन नेत नाहीस?"

"सोमवारी नाय गं. उपासाच्या दिवशी दिवा लागेस्तोवर त्याला हात लावत नाय मी. आन् बाकीच्या दिवशी पोरं फोन सोडतात व्हय?"

"शेजारच्या बाया?"

"त्यांचे तर मालकाच्या खिशात."

अपेक्षा फळीकडं बघत राहिली. फोन घरी, म्हणजे माणूस घरी, असंच तर तिनं मॉडेलला शिकवलं होतं.

"भागूआत्या कशी आहे?"

"मी जायची तवर बरी होती. डोकं विसरभोळं झालंय तिचं, पण वेणी घालायला बसले की मला वळखायची. गाडी बंद झाली अन् माझं जाणं तुटलं."

अपेक्षानं मान खाली घातली. "ती गाडी माझ्यामुळं बंद झाली, आत्या."

 आत्या म्हणाली, "मला इचारायचं होतंस, बाई."

अपेक्षानं संस्थेला सगळं कळवलं, हातापाया पडली. संक्रांतीनंतर गाडी सुरू झाली. पहिल्या सोमवारी ती आत्याबरोबर गेली. भागूबाई ओट्यावर उन्हात बसली होती. सरूबाईनं फणी काढली, तिच्या मागं वेणी घालायला बसली.

"कोणाची गं तू?" भागूबाईनं तिला विचारलं.

"हितलीच हाय," सरूबाई म्हणाली आणि गुंता सोडवू लागली.

दोघींच्या मागं उभ्या अपेक्षाला पुढं जाववेना.