मार्तंडरावांचं उरलेलं लिव्हर

मार्तंड परबांच्या लिव्हरचा निम्म्याहून जास्त भाग गाठीसकट कापून काढला, तेव्हा घाटकोपरच्या त्यांच्या बिल्डिंगीत तीन मजल्यांवर एकच निदान झालं : पीत असणार. मार्तंडराव चहासुद्धा अर्धाच कप घेत. पण पोटावर वीतभर व्रण घेऊन जिना चढणाऱ्या माणसाने हे सांगितलं, की लोक जास्तच समजुतीने मान हलवतात. त्यांनी सांगणं सोडून दिलं.

लिव्हर हा मात्र फारच गुणी अवयव. कापलेलं सहा महिन्यांत भरून काढतो आणि त्यासाठी कुठे अर्ज करत नाही. "आकार आलाय," सर्जन म्हणाले. "पण आकार आला म्हणजे काम करतंयच असं नाही. स्कॅन करून बघू."

मुलुंडच्या ज्या रंगाच्या कारखान्यात मार्तंडराव स्टोअरचे मुख्य होते, तिथेही अशी माणसं बरीच असल्याने कंपनीच्या डॉक्टरांना हा मुद्दा लगेच पटला. रजा शनिवारी संपत होती. शुक्रवारपर्यंत स्वच्छ रिपोर्ट आला तर सोमवारी कामावर. नाही तर सेहेचाळिसाव्या वर्षी 'अनफिट', आणि खुर्चीवर कायमचा शिवदास.

शिवदास म्हणजे मार्तंडरावांच्या बायकोचा, क्षमावहिनींचा, धाकटा भाऊ. त्याला कारखान्यात चिकटवला मार्तंडरावांनीच. सहा महिने तो त्यांच्या खुर्चीवर बसत होता, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने खुर्चीला नवी उशी शिवून घेतली होती.

शुक्रवारी सकाळी त्यानेच त्यांना स्कूटरवरून अंधेरीच्या हॉस्पिटलात नेलं. "कंपनीतर्फे," असं तो वाटेत दोनदा म्हणाला.

दंडात इंजेक्शन दिलं. ऑपरेटर म्हणाला, "शर्ट काढा. घड्याळ, पट्टा, चाव्या बाहेर ठेवा." खोलीत एसीचा गारठा होता, म्हणून बनियन राहू दिला. अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर लावली.

"काम करणारा भाग हे औषध धरून ठेवतो, तो असा काळा दिसतो. हे सगळं छान. पण इथे बघा. इथे काहीच धरलेलं नाही." काळ्याच्या ऐन मध्यावर एक पांढरा डाग होता. "गाठ परत आली असेल."

"अरेरे," शिवदास म्हणाला. सुटलेल्या बसमधला माणूस मागे धावणाऱ्याला म्हणतो, तसं. "भावोजी, आता आराम करा. आयुष्यभर. कपाटाच्या चाव्या तेवढ्या द्या, सहा महिने मी डुप्लिकेटवर काढलेत."

"मी मेलो नाही अजून."

"घाई कोण करतंय?"

घरी आल्यावर मार्तंडरावांनी बनियन काढला. क्षमावहिनींनी उचलला आणि त्या थबकल्या. "अहो, हा जड का लागतोय?"

आतून ठिगळ होतं. उसवलं तर पिवळ्या फडक्यात कुलदेवीचा टाक निघाला, तांब्याच्या जाड पत्र्यावर चांदी चढवलेला, वर गोल, खाली सपाट. मार्तंडरावांनी फिल्म खिडकीशी धरली. डागही वर गोल होता, खाली सपाट.

"हे कुणी शिवलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. द्रौपदीबाईंचा लेकीकडचा मुक्काम चार वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी सुरू झाला होता. "कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं. तुमच्या डॉक्टरांनी नुसतं कापलं."

"आणि तुम्हाला टोचलाही नाही?" क्षमावहिनींनी विचारलं.

"व्रणाखालची चामडी बधिर आहे. सासूबाई, त्या मशीनला माझं लिव्हर दिसलंच नाही! तुमचा देव मध्ये बसला होता!"

"बसणारच. तेवढ्यासाठीच शिवला."

मार्तंडरावांनी खालच्या वाण्याकडून हॉस्पिटलला फोन लावला. ऑपरेटर म्हणाला, औषध अंगात आहे, पण दर सहा तासांनी त्याचा जोर निम्मा होतो. मशीन पाचला बंद. नवीन इंजेक्शन पुढच्या आठवड्यात. आत्ता साडेतीन झाले होते.

वर शिवदास बहिणीच्या घरी दुसऱ्यांदा भात वाढून घेत होता.

"शिवा, स्कूटर काढ."

"पेट्रोल नाही."

"सकाळी भरलंस ना, कंपनीच्या नावावर?"

"मग ते कंपनीचं झालं, भावोजी. तुम्ही अनफिट आहात."

मार्तंडराव रिक्षाने निघाले. साकीनाक्याला वीस मिनिटं एका टेम्पोच्या मागे काढली आणि रिक्षावाल्याला, टेम्पोला व सासुरवाडीला एकाच दमात शिव्या दिल्या. पाचला दहा कमी असताना ते उघड्या अंगाने मशीनखाली आडवे झाले.

"आधी सांगायला काय झालं होतं?" ऑपरेटर खेकसला.

"तुम्ही चाव्या विचारल्यात. देव विचारला नाहीत."

"जोर उतरलाय, वेळ लागणार. माझी जायची वेळ झाली. हललात तर परत घेणार नाही, सांगून ठेवतो."

मार्तंडराव हलले नाहीत. श्वासही त्यांनी बेताचाच घेतला. फिल्म फिकी आली, पण डाग नव्हता. उरलेलं लिव्हर कडेपासून कडेपर्यंत कामावर हजर होतं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट लिहिला आणि कंपनीच्या डॉक्टरांना फोनही केला, कारण मार्तंडराव त्यांच्या दारातून बाजूला होत नव्हते.

घरी टाक देव्हाऱ्यात परत बसला होता. रिपोर्ट ऐकून द्रौपदीबाईंनी हात जोडले. "बघा. डाग देवीआईनं स्वतःवर घेतला."

"आई," क्षमावहिनींनी विचारलं, "तू नवस बोलली होतीस तरी काय गं?"

"स्टोअरची खुर्ची घराबाहेर जाऊ देऊ नकोस, म्हटलं."

शिवदास पंख्याकडे बघत होता.

"म्हणजे माझी, की ह्याची?" मार्तंडरावांनी विचारलं.

द्रौपदीबाईंनी समईची वात सारखी केली. "देवाला इतकं बारीक सांगायचं नसतं."

मार्तंडरावांनी शिवदाससमोर हात पसरला. बराच वेळ तो तसाच राहिला. शेवटी शिवदासने डुप्लिकेट चाव्या खिशातून काढल्या आणि हातात न देता टेबलावर आपटल्या.

"उशी तू घेऊन जा," मार्तंडराव चाव्या उचलत म्हणाले. "आणि सोमवारी साडेसातला खाली ये. मुलुंडपर्यंत पुरेल ना रे, कंपनीचं पेट्रोल?"