सारे शहर बरणीकडे बघत होते

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा हलू नये म्हणून ज्याच्या डोक्यावर तो बसवतात, ती तीन पायांची घडवंची म्हणजे मी. ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण ज्याने काढली, त्याने मला पाहिलेले नसणार. चार पायांचे टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगते. मी मात्र कुठेही ठाम उभा राहतो.

कारखान्यातून मी थेट शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात आलो, तोही जनसंपर्क विभागात. जनसंपर्क म्हणजे कार्यालयाचे काम लोकांना सांगायचे आणि लोकांचे म्हणणे कार्यालयात आणायचे. यातला पहिला भाग आमच्याकडे थाटात चाले. दुसऱ्या भागासाठी दाराबाहेर एक तक्रारपेटी होती. तिची किल्ली हरवली होती.

विभागाच्या प्रमुखांना सगळे इस्त्रीसाहेब म्हणत. त्यांच्या शर्टाला सुरकुती नसे आणि पत्रकालाही नसे. ‘पाइप फुटला’ असे ते कधीच लिहीत नसत. ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम युद्धपातळीवर सुरू आहे’ असे लिहीत. ते पत्रक वर्तमानपत्रांकडे जाई आणि दुसऱ्या दिवशी छापून येई. नव्या टाकीचे उद्घाटन असले की फोटोकाका माझ्या डोक्यावर कॅमेरा चढवत. छापलेला फोटो पाहून साहेब म्हणत, “वा! जरासुद्धा हलला नाही.” हे कौतुक माझेच, असे समजून मी मनातल्या मनात फुशारून जाई.

पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. फोटोकाका निवृत्त झाले आणि माझी घडी करून मला कपाटावर टाकले. माझ्या अंगावर धूळ साचली, एका पायाचा स्क्रू सैल झाला. वरून मी नुसता बघत असे. खाली एक नव्या अधिकारी आल्या होत्या. त्यांचा कामाचा झपाटा पाहून शिपायांनी त्यांना झटपटताई करून टाकले. लोक मोबाइलवर पाण्याबद्दल काय लिहितात, ते त्या वाचत आणि उत्तरे देत.

“चार टवाळांना कसली उत्तरं देताय?” साहेब विचारत.

“टवाळ नाहीत हो साहेब. आपलं पाणी पिणारी माणसं आहेत.”

साहेब पुन्हा पत्रकात डोके घालत.

एका सकाळी शहरभर नळांना तांबडे पाणी आले. पाठोपाठ मोबाइलवर मेसेज फिरू लागला, ‘पाण्यात विष आहे!’ साहेब पत्रक लिहायला बसले. ते लिहून होईपर्यंत तो मेसेज गावभर हिंडून साहेबांच्याच मोबाइलवर येऊन धडकला. पाठवणारी होती त्यांची सख्खी मेहुणी! लगेच तिचा फोनही आला.

“भावोजी, खरं काय आहे? नातीला दूध करून द्यायचंय मला.”

“परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात असून...”

“अहो, मला पत्रक नका वाचून दाखवू!” आणि तिने फोन ठेवला.

साहेबांनी पत्रक बाजूला सारले. मग त्यांनी ताईंना हाक मारली. “आपल्याला नक्की काय माहीत आहे?”

“काल मोठी लाइन दुरुस्त केली. त्यातला गंज सुटला असावा. पण तपासणी पुरी व्हायला संध्याकाळ होईल.”

“मग एवढंच सांगू या.”

“‘असावा’ म्हणायचं? तुम्हाला चालेल?”

“आज तेवढंच खरं आहे, बाई.”

ताईंनी कपाटावर नजर टाकली. साहेब स्वतः खुर्चीवर चढले आणि मला खाली ओढले. माझी सगळी धूळ त्यांच्या शर्टावर! पण त्यांनी ती झटकलीही नाही. मला काखोटीला मारून ते प्रयोगशाळेत पोहोचले. ताईंनी रबरबँड गुंडाळून माझ्या डोक्यावर मोबाइल बांधला. सैल पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. इतक्या वर्षांनी डोक्यावर ओझे आले आणि मला किती हलके वाटले म्हणून सांगू!

ताईंनी मोबाइलवरून थेट प्रक्षेपण सुरू केले आणि साहेब बोलू लागले. “पाण्यात काय आहे, ते आम्हाला अजून नक्की ठाऊक नाही. गंज असावा. संध्याकाळी कळेल. तोवर नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. टँकर निघालेत. या बरणीत आज सकाळचं नळाचं पाणी आहे. आमच्याबरोबर तुम्हीही बघत राहा.”

आधी नुसत्या शिव्या आल्या. ताई त्या गाळून प्रश्न तेवढे वाचत आणि साहेब उत्तरे देत. कुणी लिहिले, ‘आमच्या गल्लीत टँकर नाही.’ साहेबांनी तिथूनच फोन लावला. थोड्या वेळाने त्याच माणसाने लिहिले, ‘आला, आला!’ साहेबांनी चक्क टाळी वाजवली.

प्रयोगशाळेतल्या बाईंना काम करताना गुणगुणायची सवय होती. त्या सारख्या माझ्यासमोरून जात. लोकांनी लिहिले, ‘बाई, बाजूला व्हा, बरणी दिसत नाही!’ एकाने तर लिहिले, ‘दुसरं कडवं चुकलं!’ ताईंनी ते मोठ्याने वाचताच बाई लाजून लालबुंद झाल्या, आणि सगळे खो खो हसले. कुठे सकाळची ती भीती आणि कुठे हे हसू!

दुपार कलली तसा बरणीत तांबडा थर तळाला बसला. वरचे पाणी निवळले. शेवटी बाई हातात कागद घेऊन आल्या. “गंजच आहे. विषारी काही नाही. पाइप धुऊन झाले की पाणी प्यायला हरकत नाही.”

साहेब ओरडले, “गंज आहे हो, नुसता गंज!” तोच मेहुणीचा मेसेज आला, ‘भावोजी, तुमचं बोलणं आज पहिल्यांदा कळलं.’

आता मला कपाटावर बसायला फुरसत नाही. कुठे पाइप फुटला की मी, साहेब आणि ताई तिथे हजर! साहेब आता ‘फुटला’ असेच म्हणतात. माझा स्क्रू आवळला आहे, सांध्यांना तेल मिळते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला अडगळीत टाकण्याआधी एकदा धूळ पुसून बघा. आणि मोबाइलवर काही आले, तर पुढे पाठवण्याआधी विचारा, हे कुणी पाहिले आहे का? कुणी तुम्हाला विचारले आणि उत्तर ठाऊक नसले, तर ‘अजून ठाऊक नाही’ म्हणायला लाजू नका. त्या दिवशी या एका वाक्याने सारे शहर सावरून धरले. मी तर नुसता मोबाइल धरून उभा होतो.