नसलेल्या मुलीचं वजन

मी वजनकाटा बोलतोय. गळ्याची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मला गळाच नाही, हे तुम्ही लगेच काढाल. बरं, तबकडीची शपथ. आणि शब्द न् शब्द म्हणजे कसं, मी पहिल्यापासून दीड किलो जास्त दाखवतो. तेवढं माझ्या बोलण्यातूनही वजा करा. बाकी सगळं खरं.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'अचूक' छापलं होतं. बऱ्हाणपूरला उतरवताना हमालाच्या हातून सुटलो आणि तिथंच तो दीड किलो अंगाला चिकटला. मग दोन वर्षं शनवारा वेशीजवळच्या एका सरकारी गोदामात पडून होतो. तिथं एका पैलवानाला मी असा आकडा दाखवला, की त्यानं त्या दिवसापासून मावा जिलेबी सोडली. म्हणजे, पैलवान नव्हता तो, उंदीर होता. पण जाडजूड होता.

पुढं केळीच्या घडांशेजारी टेंपोत बसून निंबोल्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर आलो. अंगणवाडीची एक खोली, दारात कडुनिंब, आणि रंभाबाई. वस्तीवरची सगळी पोरं तिच्या हाताखालून गेलेली. मंगळवारी ती मला फडक्यानं पुसून उंबऱ्याशी मांडायची. मग गरोदर बाया यायच्या, कडेवरची पोरं यायची, मोठ्या मुलीही यायच्या.

माणसं माझ्यावर उभी राहिली की मोठी मजेशीर वागतात. चप्पल काढतात ते ठीक. पण श्वास रोखून धरतात! जणू श्वासालाही वजन आहे. एका सुनेनं तर सासूसमोर चढताना पदराखाली बत्ता लपवला होता, खातीपिती दिसावी म्हणून. मी ओळखलं, बोललो नाही. आम्हा दोघांचंही खोटं सारखंच, दीड किलोचं.

या वस्तीची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. रंभाबाईच्या वहीत पोराचं नाव लागलं की ते काटायचं नाही. लाल रेघ ओढायची ती फक्त मेलेल्याच्या नावावर. पोर कामाला गेलं, मामाकडं गेलं, कुठंही गेलं, तरी आई येऊन सांगायची, "अव बाई, नाव नका काटू. लाल रेघ म्हंजे माही पोर मेली का?" रंभाबाईचं काळीज मऊ. नाव राहायचं. नाव राहिलं की वजनाचा रकाना रिकामा कसा ठेवणार? वरून विचारतात. मग ती मागच्या महिन्याच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवून लिहायची. कुणाचं काय बिघडलं?

पार्वतीची मोनाली तेरा वर्षांची. केळीच्या बागेत आईबरोबर घड वाहायची, तरी मंगळवार चुकवायची नाही. माझ्यावर दोन्ही पायांनी उडी मारायची. काटा पार पन्नासावर जाऊन परत येई आणि ती हसे. "बाई, मी पन्नास किलोची झाली!" शेवटी तेहेतीसवर थांबे.

एक दिवस लांबची मावशी आली. म्हणाली, सुरतेला एका घरी बाळ सांभाळायचंय, ते लोक शाळेतही घालतील. पार्वतीनं मुलीची वेणी घातली, नवी ओढणी दिली. मोनाली टेंपोत बसली.

पुढच्या महिन्यात वहीत ती तेहेतीस दोनशे झाली. मग तेहेतीस चारशे. दिवाळीत फोन आला नाही, तेहेतीस आठशे. संक्रांतीला मावशीचा फोन बंद, चौतीस दोनशे. पार्वती दारात येऊन विचारायची, "बाई, तुमच्या वहीत तर ठीक हाय ना?" रंभाबाई म्हणायची, "हो गं, ठीक हाय." मी तिथंच होतो. माझ्यावर कुणी चढलंच नव्हतं.

त्याच दिवसांत वरून एक फॉर्म आला. 'बाहेर कामाला नेलेली, हरवलेली, पत्ता नसलेली मुले: एकूण संख्या.' पुढं एक इवलासा चौकोन. रंभाबाईनं लिहिलं, 'निरंक', म्हणजे एकही नाही. तिच्यासारखं सगळ्यांनी लिहिलं असेल, तर वर केवढा मोठा निरंक जमला असेल, विचार करा.

नऊ महिने झाल्यावर नवीन पर्यवेक्षिका आल्या, जयश्री मॅडम. खुर्चीवर बसल्या नाहीत, खाली चटईवर बसून वही चाळू लागल्या. बोट एका ओळीवर थांबलं.

"रंभाबाई, ये लडकी तो कमाल है. ना कभी ताप, ना कभी गोवर. दर महिन्याला बरोबर दोनशे ग्रॅम. बोलवा तिला."

रंभाबाई दाराबाहेर बघत म्हणाली, "बागेत गेली असंन, मॅडम."

खिचडी खात बसलेली मोनालीची धाकटी बहीण निशा म्हणाली, "ताई तर इथं हायच नाही. ती वहीतच राहते."

आणि आता ऐका. माझ्यावर कुणी नव्हतं. पाट रिकामा. तरी मी सगळा जोर लावला, स्प्रिंग करकरली, आणि काटा चढत चढत चौतीस आठशेवर जाऊन उभा राहिला. बरोब्बर वहीतला आकडा! रंभाबाईनं ते पाहिलं आणि मॅडमच्या पुढ्यात येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, ती नऊ महिन्यांत काट्यावर चढली नाही. मीच लिहिते. मले काढून टाका, पर पोरीले आधी पाहा."

मॅडमनी तिला काढून टाकलं नाही. तिथूनच दहा-नव्वद-आठला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. पार्वतीला बोलावलं, तिनं घरच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलेला मावशीचा नंबर सांगितला. मग मॅडम आणि रंभाबाईनं वही पुढ्यात घेतली. मॅडम म्हणाल्या, "जी मुलगी खरंच चढते, तिचं वजन नाचतं. सुट्टीत वाढतं, तापात उतरतं. जी नाही, तिचं सरळ चालतं. सरळ ओळी शोधा."

आमच्या वहीत चार सरळ ओळी निघाल्या. एक मुलगी शाहपूरला आजीकडं सुखात होती. एक आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. एक मोनाली. आणि चौथी उखर्डूची दुर्गी. उखर्डू म्हणतो, मामाकडं आहे. मामा म्हणतो, बापाकडं आहे.

"मग मॅडम, चौकोनात किती लिहू?" रंभाबाईनं विचारलं. "चार? दोन? एक?"

मॅडमनी फॉर्म बाजूला सारला. मग म्हणाल्या, "सध्या नावं लिहू."

मोनाली सापडली ती नवव्या दिवशी, सुरतेतच. साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत पाच मुली होत्या. घर नाही, बाळ नाही, शाळा नाही. त्यातल्या एकीचं वजन तिच्या गावच्या वहीत अजून दर महिन्याला वाढत होतं, असं मॅडम सांगत होत्या.

मंगळवारी मोनाली आली. उडी मारली नाही. एक पाय ठेवला, मग दुसरा. बोटांच्या टोकांना वाळलेला गोंद. मी तीस दाखवले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या दीड किलोची लाज वाटली. रंभाबाईनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वहीत चौतीस आठशेच्या खाली, सगळ्यांसमोर, 'तीस' लिहिलं.

आता नवा डिजिटल काटा आलाय. लाल आकडे, मिजास फार. मी दाराशी पडलेला असतो, पोरं माझ्यावर उड्या मारतात, आणि मी मजेत आहे. मोनालीही शाळेतून येताना हळूच चढते. परवा पुन्हा दोन्ही पायांनी उडी मारली, काटा पन्नासावर गेला. "निशा, बघ, पन्नास!" थांबला बत्तीसवर. मधे एकदा ताप आला तेव्हा एकतीस झाला होता. नाचू दे.

आता कबुली देतो. काटा मी चढवला नव्हता. रिकाम्या पाटावर चौतीस आठशे वगैरे काही झालं नाही. मी नेहमीसारखा दीडवर गंजून बसलो होतो, आणि रंभाबाई माझ्याकडं पाहतही नव्हती. ती निशाकडं पाहत होती. जे बोलली ते स्वतःहून बोलली, नोकरी पणाला लावून. ते श्रेय मी आजवर ढापत आलो.

दुर्गीचं मात्र खरं आहे. तिच्या नावावर लाल रेघ नाही, आणि दोनशे ग्रॅमही नाहीत. दर मंगळवारी रंभाबाई दारात उभी राहून तिचं नाव पुकारते, थोडी थांबते, आणि रकान्यात लिहिते, 'आली नाही'. तुमच्याही वहीत अशी एखादी सरळ ओळ असेल, तर एकदा तिचं नाव मोठ्यानं पुकारून बघा. मी निश्चय करून बसलोय. दुर्गी आली, की एक ग्रॅमही खोटा दाखवणार नाही.