वर न आलेला हात

या बाबांनो, जवळ सरकून बसा, ठाकुर्लीच्या एका शाळेतली गोष्ट सांगतो. चारचौघांत बोलायला घाबरणारी मुलं ओळखून त्यांना मदत मिळावी, म्हणून समीक्षा नावाची एक संशोधक तिथे नवी प्रश्नावली तपासून पाहत होती. वेळ वाचवायला वर्गाच्या नंदाबाईंनी प्रश्न मोठ्याने वाचले नि फर्मावलं, "भीती वाटते त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही.

"बघा मॅडम, आमची मुलं वाघ आहेत," बाई म्हणाल्या.

समीक्षा हसली. "अहो बाई, भिणारं पोर सगळ्यांदेखत हात कसा वर करेल?"

तिने मुलांना लांब लांब बसवून कागद वाटले. दक्षता नावाच्या मुलीने सगळीकडे 'नेहमी'वर खूण केली आणि खाली लिहिलं, 'वर्गात सांगू नका.' समीक्षाला खात्री पटली, आता हिला मदत मिळेल, ही पोर एकटी राहणार नाही.

देवापुढे उभे राहाल तेव्हा दक्षताची आठवण ठेवा; चारचौघांत जे सांगवत नाही, ते तिथे एकांतात खरं खरं सांगा.