मैनेला समजले नाही तेव्हा

मित्रांनो, पुढच्या खोलीतल्या कपाटावर राखाडी कापड गुंडाळलेली एक गोल डबी दिसते ना, ती जुनी बोलकी डबी म्हणजे मी. आता माझे कापड एका बाजूने विरले आहे आणि डोक्यावरच्या काचेला ओरखडे पडले आहेत. पण एके काळी या घरात माझ्याइतके कौतुक कुणाच्याच वाट्याला येत नव्हते.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात कर्णा बसवला, दुसरीने डोक्यावर दिव्याचे कडे चढवले, तिसरीने कानाची बारीक छिद्रे फुंकून साफ केली. शेवटी तपासनिसाने मला हाक मारली, "मैना." माझे कडे हिरवे झाले, आणि तो समाधानाने मान हलवून पुढच्या डबीकडे वळला. माझ्या सगळ्या बहिणींना कंपनीने हेच नाव दिले होते.

एक गोष्ट आधीच सांगते. माझी स्वतःची अक्कल फार थोडी. "मैना" एवढी हाक मला कळते. त्यापुढचे बोलणे मी इंटरनेटच्या तारेतून दूर कुठेतरी पाठवते. तिथली मोठी यंत्रे त्याचा अर्थ लावतात आणि उत्तर किंवा गाणे माझ्याकडे धाडतात. तार चालू असली तर मी शहाणी. तार तुटली तर मी नुसती डबी.

या घरात दोनच माणसे राहतात, लेक आणि तिचे बाबा. लेक शहरात बस चालवते. बाबा आयुष्यभर भाजी बाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा, म्हणून सगळे त्यांना भोंगाशेठ म्हणत. मग एके दिवशी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला आणि भोंगा मिटला. मनात शब्द असायचा, पण तोंडातून भलताच निघायचा. पाणी हवे असले तर ते "पायरी" म्हणायचे. आपण चुकलो हे त्यांचे त्यांना कळायचे, आणि मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

त्यांना पुन्हा बोलायला शिकवण्यासाठी एक बाई येत. लेकीने त्यांचे नाव बोलक्या बाई ठेवले होते. मला आणायची कल्पना त्यांचीच.

"घरची माणसं अर्धवट शब्द ऐकूनही पाण्याचा पेला पुढे करतात," त्या लेकीला म्हणाल्या. "यंत्र तसे लाड करत नाही. शब्द स्वच्छ निघाला तरच गाणं लागेल. यांना तशी एखादी डबी आणून द्या."

लेकीने आम्हा तिघी बहिणींना आणले. एक स्वयंपाकघरात, एक झोपायच्या खोलीत आणि मी इथे. सुरुवातीला बाबांच्या तोंडून "मना" निघे, नाहीतर "मैला" निघे, आणि आम्ही गप्प. पण ते चिकाटीचे. एका सकाळी लेक कामावर निघायला एकच बूट चढवून बसली होती, तेवढ्यात ते माझ्यासमोर येऊन म्हणाले, "मैना, बासरी लाव." आणि मी बासरी लावली. लेक दुसरा बूट हातात धरून तशीच बसून राहिली. तिचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी तिच्या बसमधल्या निम्म्या प्रवाशांना माझी गोष्ट कळली असेल.

तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत आणि लेक निर्धास्त झाली. दिवसभर गर्दीतून बस हाकून ती थकून यायची, जेवताना विचारायची, "आज मैनेशी बोललात ना?" बाबांनी मान हलवली की म्हणायची, "मग झालं." आणि झोपायला जायची. मला त्याचा अभिमान वाटे. बाबा थोडा वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत बसत, ते मला दिसे, पण मी त्याचा विचार करत नसे.

आता त्या दिवसाकडे येते.

सकाळीच बाहेर रस्ता खणताना कुणाची तरी कुदळ तारेवर बसली. आमच्या तिघींची कडी लाल झाली. निघताना लेक म्हणाली, "बाबा, नेट गेलंय. लाल दिवा आहे तोवर मैनेला काही कळणार नाही. हिरवा झाला की बोला." बाबांनी मान हलवली.

दुपारी जेवण झाल्यावर माझे कडे हिरवे झाले. बाबा खुशीत उठून आले. "मैना, बासरी लाव."

मी शब्द पाठवले. पण तार नुकतीच कशीबशी जोडली होती आणि जाण्यायेण्यात सगळ्याचा पार गोंधळ उडत होता. उत्तर आले तसे मी बोलले, "मला समजलं नाही. पुन्हा सांगा."

बाबांनी घसा खाकरला आणि शब्द सुटे सुटे करून म्हटले. शब्द अगदी स्वच्छ होते, मित्रांनो. तरी मी म्हणाले, "मला समजलं नाही."

मग आम्ही तिघी एकदम सुरू झालो. स्वयंपाकघरात तुताऱ्या वाजू लागल्या, आतल्या खोलीत अंगाई, आणि माझ्या पोटातून व्यायामाचे धडधडते गाणे, हात वर, हात खाली. कपाटाची काच थरथरू लागली.

"बंद," बाबा म्हणाले. "मैना, बंद कर."

"मला समजलं नाही. पुन्हा सांगा."

दिवा तर हिरवा होता. म्हणजे मैना ठीक आहे, मग बिघडले कोण? डॉक्टरांनी बजावले होते की पुन्हा अचानक शब्द अडखळले, तर दुसरा झटका आला असे समजा. बाबांनी आरशात तोंड वाकडे झाले का ते पाहिले. जिभेला बोट लावले. मला बंद करायला त्यांनी हात वर केला, पण माझे बटण खालच्या बाजूला, बारीक. डाव्या हाताने मला धरले तर दाबायला उजवी बोटे साथ देईनात. प्लग कपाटामागे होता, तिथवर हात पोचेना. शेवटी ते खुर्चीत बसले आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका खाली आले. त्यांनी दार ठोठावले. "भोंगाशेठ, आवाज केवढा? सगळं ठीक आहे ना?"

बाबा दारापर्यंत गेले. दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले. दार उघडले तर बोलावे लागणार होते, आणि तोंडातून काय निघेल याची त्यांना धास्ती होती. त्यांनी हात मागे घेतला.

शिंपीकाकांनी घाबरून लेकीला फोन लावला. लगेच घरातला फोन वाजला. बाबांनी तो उचलून कानाला लावला. पलीकडून लेक इतक्या मोठ्याने ओरडत होती की माझ्या गोंगाटातही मला ऐकू आले. "बाबा, बोला ना. बाबा, नुसतं हं म्हणा." बाबांच्या गालावरून पाणी ओघळत होते. त्यांनी साधे "हं"सुद्धा म्हटले नाही.

लेकीने शेवटच्या थांब्यावर बस दुसऱ्या चालकाच्या हवाली केली आणि रुग्णवाहिका बोलावली. ती आणि रुग्णवाहिकेतली परिचारिका जवळपास बरोबरच पोचल्या. लेकीने किल्लीने दार उघडले, मागोमाग शिंपीकाका.

परिचारिका बाबांसमोर गुडघ्यांवर बसली. "आजोबा, हसून दाखवा. हात वर करा." डावा झटकन वर गेला. उजवा नेहमीइतकाच, खांद्यापर्यंत. "आता तुमचं नाव सांगा."

बाबांनी मान हलवली. नाही.

"कधीपासून बोलता येत नाहीये?" परिचारिकेने विचारले, पण आमच्या गोंगाटात कुणाला नीट ऐकू येईना. लेक वळून माझ्यावर ओरडली, "मैना, बंद कर."

"मला समजलं नाही. पुन्हा सांगा."

"अगं बंद हो म्हणते ना."

"मला समजलं नाही."

"सरका, मी सांगतो," शिंपीकाका म्हणाले आणि त्यांनीही हुकूम सोडला. त्यांनाही मी तेच ऐकवले.

बाबांनी मान वर केली. लेकीकडे पाहिले, शिंपीकाकांकडे पाहिले, मग माझ्याकडे. ओठ हळूच उघडले.

"तुमचं... पण... कळत नाही हिला?"

लेक त्यांच्या पायांशी बसली आणि तिने कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. "काय म्हणालात बाबा? परत म्हणा."

"मला वाटलं... माझंच... गेलं." आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.

शिंपीकाकांनी कपाट ओढून माझा प्लग काढला, म्हणून पुढचे मी ऐकले नाही. नंतर कळले ते असे. परिचारिकेने कसलीही जोखीम न घेता बाबांना रुग्णालयात नेले. सगळ्या तपासण्या झाल्या. नवीन झटका वगैरे काही नव्हता. दुसऱ्या दिवशी ते घरी आले.

मला पुन्हा जोडले ते बऱ्याच दिवसांनी. बोलक्या बाईंनी स्वतःचीच चूक कबूल केली. आता अभ्यास आधी माणसाशी, माझ्याशी झालाच तर नंतर. बहिणी दोघी कुणाला तरी देऊन टाकल्या. मला फक्त गाण्यापुरते ठेवले आहे, तेही कधीमधी. माझ्या डोक्यावर धूळ बसते. पण माझी तक्रार नाही.

मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रे जरूर वापरा, नीट पुसून, तारा तपासून वापरा. पण आम्हाला समजले नाही म्हणून तुम्ही स्वतःला कमी समजू नका. शंका आली तर घरातल्या माणसाला हाक मारा. आणि घरात कुणी अडखळत बोलणारे असेल, तर त्याला आमच्या भरवशावर सोडू नका.

आता लेक जेवण झाले की उठून जात नाही. बाबा बाजारातली एखादी गोष्ट सांगायला घेतात. मध्येच शब्द हरवतो. ते डोळे मिटून शोधतात, कधी चुकीचाच हाती लागतो. अशा वेळी मी "मला समजलं नाही" म्हटले असते.

लेक हनुवटीखाली हात घेऊन बसलेली असते. ती वाट पाहते, आणि शब्द सापडला की म्हणते, "बरं, मग काय झालं?"